कॉम्प्युटरची डिग्री नाही? इंटरव्ह्यूच्या तयारीत या चुका टाळा

पुण्यातल्या माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला एकच प्रोग्राम लिहायला दिला होता. ऑर्डरच्या यादीत एखादा नंबर दोनदा आलाय का, ते शोधा. मी लूपच्या आत लूप टाकला आणि पाच मिनिटांत मोकळी झाले. समोरच्या मॅडमनी कागद बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "आणि ऑर्डर १ लाख असतील तर?"

मी ठामपणे सांगितलं, "मग मोठा सर्व्हर घ्यायचा."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. दहा मिनिटांत मी बाहेर होते, आणि नाशिकच्या ठक्कर बाजारला बसमधून उतरेपर्यंत माझी खात्री झाली होती की आपण बी.कॉम. म्हणून आपल्याला काढलं.

तसं नव्हतं. लूपमध्ये लूप म्हणजे प्रत्येक ऑर्डर बाकीच्या प्रत्येक ऑर्डरशी ताडून बघायची. १ लाख ऑर्डरींना जवळपास ५०० कोटी वेळा. त्याऐवजी पाहिलेला नंबर एका सेटमध्ये (अशी यादी, जिच्यात एखादी गोष्ट आहे का ते सगळं न वाचता लगेच कळतं) टाकत गेलं आणि पुढचा नंबर आधीच तिथे आहे का एवढंच विचारलं, तर १ लाख फेऱ्यांत काम संपतं. चिडचिड याची झाली की हे मला येत होतं. पिंपळगावला तीन वर्षं टॅली केली तेव्हा जुळलेल्या बिलावर खूण करत खाली जायचे, दर बिलाला अख्खं रजिस्टर पहिल्यापासून वाचत नव्हते. इंटरव्ह्यूत मात्र ते सुचलं नाही, कारण तोवर मला "हे असं का केलं?" असं कोणी विचारलंच नव्हतं.

आता मी इंदिरानगरच्या घरातून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि महिन्यातून चार-पाच इंटरव्ह्यू घेते. इंजिनिअरिंगच्या मुलांना आपल्यापेक्षा फार जास्त येतं असं नाही. त्यांची दर सेमिस्टरला तोंडी परीक्षा झालेली असते. जर्नल समोर ठेवून बाहेरचा परीक्षक विचारतो, ही ओळ का लिहिली, ही काढली तर काय होईल. थातुरमातुर का होईना, उत्तर द्यायची सवय लागते. बी.कॉम., बी.ए. केलेल्यांना ती नसते. खालच्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

माफी मागत सुरुवात करणे

"सर, ॲक्च्युअली माझं बॅकग्राउंड आयटीचं नाही, पण मी प्रयत्न करतोय." दहातले सहा-सात जण पहिल्याच वाक्यात हे म्हणतात. तुमचा बायोडेटा समोरच्याने वाचलेला असतो. डिग्री आडवी येते ती अर्जाच्या टप्प्यावर. तुम्हाला बोलावलंय म्हणजे तो टप्पा तुम्ही ओलांडलात.

आधीचं काम लपवणं ही याच चुकीची धाकटी बहीण. अंबडच्या कारखान्यात क्वालिटीत तीन वर्षं काढलेल्या एका मुलाने बायोडेटात ती तीन वर्षं 'गॅप' म्हणून दाखवली होती! मोजमाप कुठे चुकू शकतं, सॅम्पल का घ्यायचं, चूक कोणत्या शिफ्टला शिरली हे शोधायचं कसं, हे ज्याला कळतं त्याला टेस्टिंग आणि डीबगिंग निम्मं आलेलं असतं. दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला.

व्हिडिओ बघून केलेला प्रोजेक्ट स्वतःचा म्हणून दाखवणे

टू-डू लिस्ट, हवामानाचं ॲप आणि एखाद्या प्रसिद्ध ॲपची नक्कल. महिन्यात हे तिन्ही मला किमान दोनदा दिसतात, कधीकधी बटणांच्या रंगांसकट तेच. शिकताना करायला हरकत नाही. पण त्यात एकही निर्णय तुमचा नसतो, त्यामुळे दुसऱ्याच प्रश्नाला बोलणं खुंटतं.

मला नोकरी मिळवून दिली ती क्रेटच्या हिशोबाने. टोमॅटोच्या हंगामात आमचे शेठ शेतकऱ्यांना २० किलोचे प्लास्टिकचे क्रेट द्यायचे. किती गेले, किती परत आले याची वही होती, आणि हंगाम संपला की त्या वहीवरून भांडणं ठरलेली. त्या वहीचा मी छोटा वेब प्रोग्राम केला. दिसायला अगदी ओबडधोबड. पण इंटरव्ह्यूत त्याच्यावर चाळीस मिनिटं गेली.

पहिला प्रश्न आला, शेतकऱ्याकडे शिल्लक असलेले क्रेट हा आकडा साठवता की दर वेळी मोजता? सुरुवातीला मी साठवला होता. मग काय झालं तेही सांगितलं. दोन मुनीम दोन कॉम्प्युटरवर. दोघांनाही शिल्लक ४० दिसते. एकाने १० जमा केले, त्याच्या हिशोबाने ३०. त्याच क्षणी दुसऱ्याने ५ जमा केले, त्याच्या हिशोबाने ३५. शेवटी जो सेव्ह करेल त्याचा आकडा राहतो, आणि खरी शिल्लक २५ कुठेच नसते. म्हणून मग फक्त आवक-जावकच्या नोंदी ठेवल्या आणि शिल्लक त्यांच्या बेरजेतून काढली. चुकीची नोंद खोडायची नाही, तिची उलट नोंद करायची. हे शेवटचं मला कुठल्याही कोर्सने शिकवलेलं नव्हतं. हिशोब लिहिणाऱ्या कोणालाही ते माहीत असतं.

तेव्हा प्रोजेक्ट शोधायला लांब जाऊ नका. मामाचं मेडिकल, सातपूरमधलं ओळखीचं वर्कशॉप, सोसायटीचा मेंटेनन्स, द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद. एक माणूस तो खरोखर वापरेल एवढं बघा. वापरणारा माणूस तुम्ही कधी कल्पना केली नसेल अशा जागी बोट ठेवतो आणि तिथून 'का' सुरू होतं.

प्रोजेक्ट गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची साइट) टाकताना डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये राहू देऊ नका. पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या पुढच्या नोंदीत, काढला तरी जुन्या कमिटमध्ये तो दिसतोच, आणि बघणारे तिथे बघतात. गेला असेल तर पासवर्डच बदला. आणि पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, साठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की उत्तर ०.३ येत नाही, शेवटी शेपूट लागतं. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांक ठेवा किंवा नेमका आकडा ठेवणारा डेसिमल प्रकार वापरा. कॉमर्सच्या माणसाला हे माहीत नसलं की मला जरा जास्तच वाईट वाटतं.

चारशे प्रश्न सोडवणे आणि एकही न समजणे

"मॅम, मी साडेचारशे प्रॉब्लेम केलेत." बरं. त्यातला एक घेऊन अट जराशी बदलली की गाडी अडते. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, स्टॅक, क्यू, सॉर्टिंग, बायनरी सर्च, रिकर्शन आणि थोडे ट्री, एवढ्यावर फ्रेशरचे बरेचसे इंटरव्ह्यू निघतात. डायनॅमिक प्रोग्रामिंग सगळ्यात शेवटी. प्रत्येक विषयाचे दहा-बारा प्रश्न घ्या, पण प्रत्येकाचं उत्तर दोन पद्धतींनी काढा आणि दुसरी पद्धत का बरी ते एका ओळीत लिहा. बायनरी सर्च पाठ असतो सगळ्यांना. १० लाखांच्या क्रमवार यादीत तो साधारण २० पायऱ्यांत का पोचतो, हे विचारलं की शांतता. दर पायरीला यादी निम्मी होते, एवढंच तर सांगायचं असतं.

एसक्यूएल 'येतं' असं समजणे

एसक्यूएल म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायची भाषा. सगळ्यात जास्त मुलं इथे पडतात, आणि सगळ्यात कमी तयारीही याचीच असते. क्रेटचंच उदाहरण घेते. एक टेबल शेतकऱ्यांचं, दुसरं परतीच्या नोंदींचं. प्रश्न असा की सगळ्या शेतकऱ्यांची यादी द्या आणि जानेवारीपासून प्रत्येकाने किती क्रेट परत केले ते लिहा. उमेदवार बरोबर लेफ्ट जॉइन लावतो (पहिल्या टेबलातलं प्रत्येक नाव ठेवून दुसरं टेबल जोडतो) आणि तारखेची अट वेअरमध्ये, म्हणजे जोडून झाल्यावरच्या गाळणीत, घालतो. झालं! ज्याने एकही क्रेट परत केला नाही त्याची परतीची तारीख नल, म्हणजे रिकामी, असते, ती अटीत बसत नाही, आणि तो शेतकरी यादीतून गायब होतो. म्हणजे ज्याच्याकडे वसुलीला जायचं, नेमका तोच. अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं जोडतानाच, घातली की तो परत येतो. क्वेरी चालते, एरर येत नाही, आकडा चुकलेला असतो. असे पाच-सहा खड्डे स्वतः पडून बघा: नलची तुलना, काउंटमध्ये तारा टाकला तर आणि कॉलम टाकला तर काय फरक पडतो, हॅविंग आणि वेअर. आणि दुसरा सर्वाधिक पगार, हा प्रश्न काही मरत नाही.

मनातल्या मनात तयारी

वाचताना सगळं कळतं, तोंड उघडलं की शब्द सापडत नाहीत. मी रोज संध्याकाळी धाकट्या भावाला समोर बसवून एक गोष्ट समजावायचे. त्याला कॉम्प्युटरचं काही कळत नव्हतं, पण कळलं नाही की तो "मग काय?" म्हणायचा, आणि तेवढंच पुरेसं होतं. भाऊ नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं हा छळ आहे, पण उपयोगी.

आधी मराठीत समजावा. मराठीत धड सांगता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नाही, विषयाची आहे. मराठीत जमलं की तेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत बोला. घोकलेला परिच्छेद लगेच ओळखू येतो, मध्येच अडवलं की माणूस परत पहिल्या शब्दापासून सुरू करतो. आणि कोड लिहिताना गप्प बसू नका. उत्तर आलं नाही तरी विचार कुठे चाललाय ते ऐकू आलं, की आम्हाला हात द्यायला जागा मिळते.

खोटा अनुभव विकत घेणे

याबद्दल लोक कुजबुजतात, म्हणून मोठ्याने लिहिते. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं करून देतो, एवढे पैसे द्या, असं सांगणारे भेटतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाने दोन वर्षांचा अनुभव असा घेतला आणि त्याला नोकरी लागलीही. चौथ्या महिन्यात पडताळणी झाली. पीएफच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) कुठल्या कंपनीत कधी होता ते दिसतं, आणि त्याच्या त्या दोन वर्षांच्या जागी काहीच नव्हतं. त्याच दिवशी लॅपटॉप परत द्यावा लागला. नोकरी देण्यासाठी आधी डिपॉझिट मागणाऱ्यांपासूनही लांब राहा.

कुठे अडतंय ते न बघता नवा कोर्स लावणे

तीन ठिकाणी नकार आला की माणूस नवीन भाषा शिकायला घेतो. आधी बघा, गळती कुठे आहे.

फोनच येत नसेल तर कोडिंगचा दोष नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत शाखेची आणि टक्क्यांची अट असते, तिथे शंभर अर्ज टाकून वेळ घालवू नका. बी.एस्सी., बी.सी.ए. केलेल्यांसाठी विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्राम आहे, बारावीनंतर एचसीएलचा टेकबी. अटी बदलत राहतात, त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरच वाचा. बाकीच्यांनी छोट्या कंपन्या आणि ओळख हाच रस्ता धरावा. डिग्री कागदावर हवीच असेल तर मुक्त विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, नोकरी करत शिकता येतं, पण ती येईपर्यंत तयारी थांबवू नका.

ऑनलाइन टेस्टमध्येच बाहेर पडत असाल तर वेळ लावून सराव कमी आहे. टेस्ट पास होऊन पहिल्या तांत्रिक फेरीत पडत असाल, तर वरचा सगळा लेख तुमच्यासाठी. आणि शेवटच्या फेरीत पडत असाल तर पगाराचं आणि "हे क्षेत्र का?" याचं उत्तर तपासा. "आयटीत स्कोप आहे" हे उत्तर नाही.

ऑनलाइन इंटरव्ह्यूचं थोडक्यात. लॅपटॉप पूर्ण चार्ज, मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला, कारण वायफायचा राउटर विजेवर असतो हे वीज गेल्यावरच आठवतं. दुसऱ्या स्क्रीनवर एआयला विचारून उत्तरं वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना आम्हाला दिसतात, आणि पुढचा प्रश्न आम्ही मुद्दाम त्याच उत्तरातल्या एखाद्या शब्दावर विचारतो.

इंटरव्ह्यू संपला की तासाभराच्या आत आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढा. माझी ती वही बसमध्येच भरायची. नारायणगाव येईपर्यंत प्रश्न, संगमनेरपर्यंत मी दिलेली उत्तरं, आणि सिन्नर सोडल्यावर जे द्यायला हवं होतं ते. सातव्या इंटरव्ह्यूपर्यंत निम्मे प्रश्न वहीत आधीच होते. आठव्याला मॅडम नव्हत्या, एक सर होते. त्यांनी यादी दिली आणि म्हणाले, "यात रिपीट झालेले नंबर शोधा." मी लिहायच्या आधी विचारलं, "सर, यादी साधारण किती मोठी असेल?"