जुने ईक्यू-५ माउंट आकाश-छायाचित्रणासाठी कसे तयार करावे

आकाशाचे फोटो काढायचे ठरले की बहुतेकांचा पैसा आधी कॅमेऱ्यात आणि दुर्बिणीत जातो. फोटोचा दर्जा मात्र माउंटवर, म्हणजे दुर्बीण धरून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्रावर ठरतो. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती फेरी पूर्ण करते, म्हणजे तारे दर सेकंदाला सुमारे १५ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतात. ४०० मिमी फोकल लांबीच्या दुर्बिणीला ४.३ मायक्रॉन पिक्सेलचा डीएसएलआर लावला तर एका पिक्सेलवर जेमतेम २.२ आर्कसेकंद आकाश येते. तीन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये माउंटने इतकीच चूक करायची आहे.

व्हिक्सेन या जपानी कंपनीच्या ग्रेट पोलॅरिस माउंटवरून बेतलेली ईक्यू-५, सीजी-५ ही माउंट अनेकांच्या घरी माळ्यावर पडून आहेत. त्यांचे धातूचे अंग आजही दणकट असते. त्यांना हवी असते सफाई, चांगली मोटर आणि गायडिंग (दुसऱ्या कॅमेऱ्याने तारा पाहत माउंटची चूक सतत सुधारणे), आणि तेही याच क्रमाने. आधी गायडिंगचा कॅमेरा घेऊन ढिल्या गियरवर पांघरूण घालायचा प्रयत्न करू नका. गियरमध्ये खेळ (दात्यांमधला ढिलेपणा) असेल तर सॉफ्टवेअरचा हुकूम ताऱ्यापर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडे या कामाला पावसाळा उत्तम. जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, पण हाताला वेळ मिळतो.

आधी दोष मोजा

माउंट उघडण्यापूर्वी, आकाश मोकळे असतानाच, ते किती चुकते याची नोंद हवी. विषुवांशाच्या (ताऱ्यांमागे पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या) अक्षावर १४४ दात्यांचे चाक आणि त्याला फिरवणारा वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा असतो. वर्मची एक फेरी साधारण ५९८ सेकंदांत, म्हणजे दहा मिनिटांत होते आणि वर्ममधला प्रत्येक दोष दर दहा मिनिटांनी परत येतो.

तो दोष डोळ्यांनी पाहता येतो. जुनी मोटर चालत असेल, तर मृगातल्या बाणाचे तारे दक्षिणोत्तर मध्यरेषेजवळ येतील अशी वेळ निवडा. ते खगोलीय विषुववृत्ताला चिकटून आहेत, म्हणून चाचणीला सोयीचे. माउंट ध्रुवावर जुळवा (विषुवांशाचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखा), मग मुद्दाम एखादा अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला वळवा आणि वीस मिनिटे ३०-३० सेकंदांचे फोटो घेत राहा. सगळे फोटो ‘लायटन’ पद्धतीने (प्रत्येक पिक्सेलची सर्वांत उजळ नोंद ठेवून) एकत्र केले की ताऱ्याची एक लांब रेघ दिसते. माउंट निर्दोष असते तर ती सरळ आली असती. प्रत्यक्षात ती नागमोडी येते आणि वीस मिनिटांत दोन पूर्ण लाटा दिसतात. लाटेची टोकापासून टोकापर्यंतची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा, २.२ ने गुणा, चूक आर्कसेकंदांत मिळेल. या वर्गातल्या माउंटमध्ये तीस-चाळीस आर्कसेकंद आले तर घाबरू नका. लाटेचा आकार जास्त महत्त्वाचा आहे. गुळगुळीत लाट गायडिंगने सहज सुधारते. मध्येच टोकदार झटका दिसला तर दात्यांत कचरा आहे किंवा वर्मला इजा झाली आहे, आणि झटक्यावर गायडिंगचा इलाज चालत नाही.

उघडा, धुवा, जुळवा

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. वॉशर कोणत्या क्रमाने बसले होते हे नंतर आठवत नाही. कारखान्यातले घट्ट, चिकट ग्रीस रॉकेलने आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दात्यांत धातूचा बारीक कीस सापडेल, तो ठेवू नका. नवे लिथियम ग्रीस पातळ थरात लावा. ग्रीस जास्त झाले की त्यात धूळ बसते.

खरी कसोटी पुढे आहे. वर्मची पेटी धरणारे अ‍ॅलन बोल्ट किंचित सैल करा आणि शेजारच्या ग्रब स्क्रूने वर्म चाकाच्या जवळ आणा. स्क्रू दर वेळी पाव फेरीपेक्षा कमी फिरवा. मग क्लच (अक्ष अडकवणारी कळ) घट्ट करून काउंटरवेटचा, म्हणजे समतोलाच्या वजनांचा दांडा पुढे-मागे हलवा. बोटांना ‘टक’ जाणवला तर खेळ शिल्लक आहे. वर्म हाताने फिरवताना जड लागला तर जास्त आवळले गेले आहे. चाक कधीच तंतोतंत गोल नसते, म्हणून पूर्ण ३६० अंश फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधा आणि त्या जागेला प्रमाण माना. जानेवारीच्या थंडीत ही जुळणी आणखी आवळते, म्हणून घरात किंचित सैल ठेवलेली बरी. वर्म स्वतःच्या लांबीत मागे-पुढे सरकत असेल तर त्याच्या टोकाची रिंग आवळा.

हेच क्रांतीच्या (उत्तर-दक्षिण फिरणाऱ्या) अक्षावर करा. तिथला खेळ लोक दुर्लक्षतात आणि मग गायडिंगचा आलेख एकाच बाजूला का पळतो ते कळत नाही.

मोटर आणि ऑनस्टेप

ईक्यू-५ ची जुनी ड्राइव्ह चार मोठ्या सेलवर, ६ व्होल्टवर चालते आणि तिला संगणकाची भाषा कळत नाही. तिच्या जागी ऑनस्टेप हे मुक्त-स्रोत कंट्रोलर बसवावे असे माझे स्पष्ट मत आहे. लागणारे सामान असे: ईएसपी-३२ या चिपवर चालणारा बोर्ड, मोटर चालवणारे दोन टीएमसी ड्रायव्हर, एका फेरीत ४०० स्टेप घेणाऱ्या दोन नेमा-१७ मोटर आणि प्रत्येक अक्षाला १६ व ६० दात्यांच्या पुली जीटी-२ या दातेरी बेल्टसह. पुलीचे भोक वर्मच्या दांड्याला बसत नसेल तर लेथवाल्याकडून करून घ्या. मोटरची पट्टीही तोच करून देईल.

सेटिंगमध्ये एकच हिशेब नीट करायचा असतो. मोटरच्या ४०० स्टेप गुणिले ३२ मायक्रोस्टेप (ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे करतो ते भाग) गुणिले ३.७५ (६० भागिले १६) गुणिले १४४, भागिले ३६०. उत्तर १९,२०० स्टेप प्रति अंश, म्हणजे एक स्टेप ०.१९ आर्कसेकंदाची. हे पुरेसे बारीक आहे. बोर्ड व मोटरला किती व्होल्ट चालतात ते तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो. बेल्ट बोटाने दाबल्यावर थोडा झुकावा, ताणून बसवू नये.

तुमच्याकडे एचईक्यू-५ (याहून मोठे माउंट) असेल तर मोटर बदलण्याची गरज नाही. तिच्या मोटर चांगल्या आहेत, मधले छोटे गियर काढून बेल्ट बसवला तरी मोठा फरक पडतो.

तिपाई

ॲल्युमिनियमचे पाय लांब करू नका. पोकळ पायांत कोरडी वाळू भरली तर थरथर कमी होते.

महाराष्ट्रात एक वेगळी अडचण येते. ध्रुव तारा पुण्यात क्षितिजापासून १८.५ अंश, नागपुरात २१ अंश वर असतो. इतक्या कमी कोनात वजनांचा दांडा खाली लोंबताना उत्तरेकडच्या पायावर आपटतो. मोटर चालू करण्याआधी अक्ष हाताने सर्व बाजूंना फिरवून पाहा. आपटत असेल तर तिपाई आणि माउंट यांच्यामध्ये छोटा खांब बसवा.

ध्रुव जुळवणी आणि गायडिंग

ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षा थोडा कमी दूर आहे, म्हणून त्याच्यावर थेट नेम धरून भागत नाही. आपल्याकडे तो क्षितिजावरच्या धुरकटात किंवा समोरच्या इमारतीमागे लपतोही. दिसत असेल तर शार्पकॅप या सॉफ्टवेअरची ध्रुव जुळवणी वापरा. दिसत नसेल तर ‘निना’ या सॉफ्टवेअरमधली तीन बिंदूंची पद्धत आकाशाच्या दुसऱ्या भागावरूनही चालते.

मग ३० मिमीची छोटी गाइड दुर्बीण, मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि मोफत मिळणारे पीएचडी-२ हे गायडिंगचे सॉफ्टवेअर. एसटी-४ (गाइड कॅमेऱ्यातून माउंटला जोडायच्या) केबलच्या मागे लागू नका, हुकूम थेट ऑनस्टेपला जाऊ द्या. समतोल साधताना पूर्वेकडची बाजू अगदी किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकाच बाजूला टेकलेले राहतात. माउंटवर जितके वजन पाहण्यासाठी चालते त्याच्या निम्मेच फोटोसाठी चढवा.

आता मृगाचीच चाचणी पुन्हा, गायडिंग बंद ठेवून. टोकदार झटके गेले असतील तर गायडिंग सुरू करा आणि पीएचडी-२ मधला एकूण आरएमएस (सरासरी चुकीचा) आकडा बघा. ४०० मिमीला तो १.५ आर्कसेकंदाच्या खाली टिकला तर तीन मिनिटांचे एक्स्पोजर निर्धास्त लावा. टिकत नसेल, तर सॉफ्टवेअरचे आकडे बदलत बसण्याऐवजी वर्मच्या पेटीकडे परत जा.