घर घेताय? इसार द्यायच्या आधी ड्रेनेज बघून घ्या

बेळगावात घर बघायला गेलं की माणसं आधी दार कुठल्या दिशेला आहे ते बघतात, मग विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतंय काय विचारतात, मग ईसी (मिळकतीवर बोजा आहे काय त्याचा दाखला), खाता उतारा (मिळकत कोणाच्या नावावर आहे त्याचा उतारा), बँकेचं लोन, आणि संडासातनं गेलेलं पाणी पुढं जातंय कुठं हे मात्र कोणीच विचारत नाही. रंग, प्लास्टर कधीही करता येतंय ओ, पण पार्किंगच्या फरशीखालची लाईन बदलायची म्हणजे अख्खी फरशी उखडायला लागते आणि तोवर मालक पैसे घेऊन मोकळा झालेला असतोय. म्हणून हे बघायचं ते इसार द्यायच्या आधी, घासाघीस करायला तोंड असतंय तेव्हाच.

जायचं ते नळाला पाणी येतंय त्या दिवशी, नाहीतर मालकाला आधीच सांगून ठेवायचं की वरची टाकी भरून ठेवा. सोबत बॅटरी, हातातला आरसा, मापाची टेप, चेंबरचं झाकण उचलायला पहार, थोडा खाण्याचा रंग, आणि चेंबर-ड्रेनेजची कामं करणारा प्लंबर. नळ-शॉवर बसवणारा नको, तो बाथरूम बघून "एकदम बेस्ट आहे की" म्हणून मोकळा होतोय.

पहिला प्रश्न एकच, यूजीडीला, म्हणजे रस्त्याखालच्या सरकारी ड्रेनेज लाईनीला जोडलंय की सेफ्टिक टँक आहे? यूजीडी म्हणाले तर कनेक्शनची पावती मागा. समोर रस्त्यावर मॅनहोल आहे म्हणजे घर त्याला जोडलेलं आहेच असं काही नसतंय, कितीतरी जुन्या घरांत मागं टँक तसाच आणि त्याचं पाणी उघड्या गटारीत सोडलेलं असतंय. शहराबाहेर पंचायतीच्या हद्दीत, गुंठ्यावर घेतलेल्या प्लॉटात तर "यूजीडी येणार आहे" एवढंच ऐकायला मिळतंय. येणार आहे म्हणजे आज नाही, हिशोब टँकचाच धरायचा.

मग चेंबर, म्हणजे लाईनीवरचे झाकणवाले तपासणीचे खड्डे, शोधायचे. संडासाजवळ एक, वळणावर एक, रस्त्याकडं निघताना एक, एवढे तरी पाहिजेत. शहाबादी फरशी नाहीतर पेव्हर ब्लॉकखाली गाडून टाकलेले असतात, मालकाला काढायला लावा. "कधी उघडायची पाळीच आली नाही" हे उत्तर ऐकून खूश होऊ नका, आणि नेमक्या एकाच झाकणाभोवती ताजं सिमेंट दिसलं तर कशासाठी उघडलं होतं ते विचारा. झाकणं उघडी ठेवूनच वर सगळे नळ सोडा, फ्लश एकामागून एक करा, एका संडासात रंगाचं पाणी ओता आणि कुठल्या चेंबरात किती वेळानं दिसतंय ते बघा. दिसलंच नाही तर पाणी भलतीकडं जातंय. पाच मिनिटांत आटोपू नका, घर बंद पडलेलं असेल तर पाईप रिकामा असतोय, अर्धा तुंबलेला असला तरी सुरवातीचं पाणी गपचूप घेतोय, अर्धा तास सोडल्यावर चेंबर वर चढायला लागतोय. चेंबरच्या भिंतीला आतनं पाण्याच्या डागाच्या ओळी दिसतात काय तेही बघा, पाणी आधी कुठवर चढलं होतं ते कळतंय.

दोन चेंबरच्या मधली लाईन सरळ असेल तर एकात बॅटरी धरायची आणि दुसऱ्यात आरसा तिरका करून बघायचं. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर लाईन सरळ आणि साफ, अर्धी चंद्रकोर दिसली तर मधे पाईप बसलाय नाहीतर गाळ आहे. फुकटातली टेस्ट आहे आणि बऱ्याच घरांना तेवढी पुरते. उतारही टेपनं बघून घ्या, चार इंची पाईपला साधारण चाळीस फुटाला एक फूट पाहिजे, म्हणजे तीस बाय चाळीसच्या प्लॉटात मागच्या संडासापासून रस्त्यापर्यंत जवळपास एक फूट. जमीन सपाट असेल आणि दोन्ही टोकाचे चेंबर सारखेच खोल निघाले तर पाणी उतारावर नाही, नशिबावर चाललंय.

कॅमेरा घालून बघणं आता इकडंही मिळतंय, पण सगळ्यांनी पैसे घालायची गरज नाही असं माझं मत. दहा वर्षांतलं घर, पीव्हीसी पाईप, आरशात गोल दिसतोय, मग सोडा. पण जुनं घर असेल, पाईप चिनीमातीचे असतील तर दोन-तीन फुटावर एकेक सिमेंटचा जोड असतोय, आणि वर पिंपळ, उंबर, गुलमोहर असलं काही असेल तर मुळं बरोबर त्या जोडातनंच आत शिरतात. शहापूर-वडगावच्या खालच्या बाजूला, येळ्ळूरकडं, निपाणी-अथणी भागात काळी माती आहे, ती पावसात फुगते उन्हाळ्यात फाटते, जोड हलतातच. अशा ठिकाणी कॅमेरा घालाच. आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याचा फवारा मारून लाईन धुवून घ्या, नाहीतर व्हिडिओत नुसता चिखल दिसतोय, आणि व्हिडिओवर किती फुटावर काय आहे तो आकडा येतोय काय ते ठरवतानाच विचारा.

सेफ्टिक टँकचं घर असेल तर मातीचाच खेळ आहे. तांबड्या जांभ्याच्या जमिनीत शोषखड्डा, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, पाणी पटापट पितो, मालक अभिमानानं सांगतोय "कधी भरत नाही", पण ते पाणी शेजारच्या विहिरीत जाऊ शकतंय. भारतीय मानकात पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा कमीत कमी १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट लांब पाहिजे. आता तीस बाय चाळीसच्या प्लॉटात ६० फूट आणायचे कुठनं? म्हणून स्वतःचाच नाही, शेजाऱ्यांचे खड्डे कुठं आहेत तेही बघायचं आणि विहिरीचं पाणी लॅबमधे तपासून घ्यायचं, १०० मिली पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये. काळ्या मातीत उलटं, खड्डा उन्हाळ्यात ठीक दिसतोय आणि जुलैत वरून वाहायला लागतोय. टँक कधी उपसला होता विचारा, दोन-तीन वर्षांत एकदा गाळ काढायला पाहिजे, आणि सक्शन गाडीचा पाईप तिथवर पोचतोय काय तेही बघा. झाकण उघडलं की लांब उभं राहायचं, काडी पेटवायची नाही, आणि कोणालाही आत उतरवायचं नाही. गॅसनं माणूस जागेवर जातोय, आणि २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय टँक साफ करायला उतरवणं गुन्हा आहे.

रस्त्याची उंची हा आमच्याकडचा मोठा विषय. काँक्रीटचे रस्ते झाले, रस्ता वर आला आणि जुनी घरं खड्ड्यात गेली. रस्त्यावरच्या मॅनहोलचं झाकण आणि तुमच्या न्हाणीची जाळी यात वर कोण ते बघा. न्हाणी खाली असेल आणि पुढं मेन लाईन तुंबली, तर पाणी मॅनहोलातनं बाहेर पडायच्या आधी तुमच्या न्हाणीत येतंय. पाणी उलटं येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतोय, पण त्यात कचरा अडकतोय, अधूनमधून उघडून साफ करायला लागतोय. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरात सोडलंय काय तेही बघा, पावसात चेंबर त्यानंच उसळतोय. बळ्ळारी नाल्याच्या आसपास घर घेणार असाल तर पावसाळ्यात एकदा जाऊन याच, आणि उन्हाळ्यातच व्यवहार करायचा असेल तर शेजारच्या मावशींना विचारा, "पावसात पाणी आत येतंय काय ओ?" मालकापेक्षा त्या खरं सांगतात.

फ्लॅट असेल तर तळमजल्यालाच जास्त बघायचं, वरच्या सगळ्यांच्या उभ्या पाईपला तळमजल्याची लाईन जोडलीय की वेगळी काढलीय. वेगळी असेल तर बरं, नाहीतर खाली तुंबलं की वरच्यांचं पाणी तुमच्याकडं येतंय.

भावाभावांत वाटणी झालेलं घर असेल तर लाईन शेजारच्या भावाच्या न्हाणीखालनं नाहीतर सामायिक बोळातनं गेलेली असते. आज ते काही म्हणत नाहीत, उद्या त्यांनी घर पाडून बांधायला काढलं की तुमची लाईन बंद. लाईन कुठनं जाते आणि दुरुस्तीला आत जायचा हक्क, हे खरेदीपत्रात लिहून घ्या, आणि कागद कन्नडात असेल तर ती ओळ कोणाकडनं तरी वाचून घ्या, वकील "सगळं घातलंय" म्हणतो त्यावर सोडू नका.

शेवटी प्लंबरकडनं दुरुस्तीचा आकडा कागदावर घ्यायचा आणि फोटोसकट मालकापुढं ठेवायचा. किंमत कमी करतो म्हणाला तर उत्तम, मी करून देतो म्हणाला तर कुठला पाईप, किती फूट, कुठल्या तारखेपर्यंत, आणि फरशी परत कोण बसवणार, एवढं अग्रीमेंटमधे टाका. काम झालं की फरशी बसवायच्या आधी परत एकदा रंगाचं पाणी सोडून बघा.