धातूची झडप आणि टेस्टोस्टेरॉन

पहाटे रंकाळ्यावर वर्दळ नसली की माझ्या हृदयातली झडप मला ऐकू येते. टिक-टिक. लहानपणी संधिवाताच्या तापानं माइट्रल झडप गेली, धातूची बसवली आणि झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲसिट्रॉमची गोळी कायमची मागं लागली. मी ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मताना मुलगी म्हणून नोंदलेला पुरुष. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, पुढं सुरू झालं. दोन्ही ज्याच्या वाट्याला आलंय, त्याच्यासाठी हे.

हृदयाची आणि हार्मोनची फाईल एकाच पिशवीत ठेवायची. मी लाजेपोटी हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. टेस्टोस्टेरॉननं ॲसिट्रॉमचा जोर वाढतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा म्हणजे आयएनआर; गोळीचा जोर वाढला की तो चढतो. माझा 2.5 ते 3.5 हवा, तो 5 वर गेला. दात घासताना बेसिन लाल! टेस्टोस्टेरॉन सुरू करताना, डोस बदलताना, बंद करताना आधी सांगायचं आणि आयएनआर लवकर लवकर तपासायचा. गोळी मनानं कमी-जास्त करायची नाही.

दुसरा घोळ शब्दाचा. ॲसिट्रॉमला आपण ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो. मला वाटायचं, टेस्टोस्टेरॉननं रक्त घट्ट होतंय, गोळीनं पातळ होतंय, झाली फिट्टंफाट. पण गोळी फक्त गुठळी अडवते. वाढलेल्या तांबड्या पेशी तिनं कमी होत नाहीत. त्यासाठी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, वेगळं बघायचं. माझं पहिल्या वर्षी दर 3 महिन्यांनी व्हायचं. 54 टक्क्यांवर गेलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. तालमीतला दोस्त म्हणाला, “रक्तदान कर की भावा, उतरतंय!” झडप बसवलेल्या, ही गोळी खाणाऱ्या माणसाचं रक्त घेत नाहीत, भावा. सिगारेटनंही ते चढतं, आणि पाणी न पिता तपासायला गेलं तरी जास्त दिसतं.

टेस्टोस्टेरॉनच्या स्नायूतल्या इंजेक्शननं माझ्या कमरेखाली लिंबाएवढी काळीनिळी गाठ आली. आता डॉक्टरांना विचारून टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतो. खांद्यावर लावून वाळू द्यायचं, हात धुवायचे, शर्ट घालायचा, मगच भाचीला उचलायचं. तिच्या अंगाला लागता कामा नये.

झडपेचा आवाज दबला, दम लागला, तोंड वाकडं झालं, शौचाला काळं झालं, तर सकाळची वाट बघू नका.

खाण्याचं म्हणाल तर मेथी-पालकानं ॲसिट्रॉमचा जोर कमी होतो, पण ते बंद नाही, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढंच. टेस्टोस्टेरॉननं अंगात पाणी धरतं, बीपी चढतं, म्हणून मिठाला आवर. तांबडा रस्सा महिन्यातनं एकदा, एकच वाटी. आईला हे अजून पटलेलं नाही. ती वाटीच मोठी घेते.