लिव्हिंग विल कसं करायचं: डॉक्टर केव्होर्कियन, आमची माय आणि नोटरीचा लाल शिक्का

भरताच्या दिवसांतली गोष्ट आहे. वाड्यात कपाशीच्या काड्या पेटवून माय वांगी भाजत बसली होती, मी शेजारी मोबाइल घेऊन बसलेलो, आणि एक वांगं उलटवता उलटवता ती एकदम म्हणाली, "माले त्या मशीनवर ठेवानं नही, आते सांगी ठेवस." बस. परत वांग्याकडे वळली.

कारण होतं आमच्या अण्णांचं. मोठे काका, ब्रेन हॅमरेज झालं, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर तिसऱ्या दिवसापासून सांगत होते की आता काही उरलं नाही, पण काढा म्हणायचं कोणी? थोरला म्हणे मी बापाला मारल्याचं पाप घेणार नाही, धाकटा म्हणे तुला बिल भरायचं नाही म्हणून तू गप्प आहेस, आणि दोघं आयसीयूच्या बाहेर चपलांच्या रॅकपाशी भांडले ते आजपर्यंत बोलत नाहीत. शेवटी डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंट घरी. अँब्युलन्समध्ये श्वास द्यायचा फुगा हाताने दाबत आणलं, घरी दुखण्यावर द्यायला काही नाही, कोणी नर्स नाही. आपल्याकडे कितीतरी लोकांचा शेवट असाच होतो, फक्त कोणी बोलत नाही.

तर मी माय साठी लिव्हिंग विल करायला घेतलं. वैद्यकीय इच्छापत्र म्हणा, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचं. तो सगळा प्रकार इथे लिहितोय, कारण मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, आणि जो तो ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो की "म्हणजे इच्छामरण का? तो अमेरिकेचा डॉक्टर करायचा तसं?"

नाही भो, तसं नाही. आणि तो फरक आधी समजून घ्या नाहीतर पुढचं सगळं वाकडं जाईल.

तो अमेरिकेचा डॉक्टर म्हणजे जॅक केव्होर्कियन. १९२८ साली मिशिगनमधल्या पाँटियाक गावात जन्मला, आईबाप तुर्कस्तानातून आलेले आर्मेनियन. पॅथॉलॉजिस्ट होता, म्हणजे जिवंत पेशंटपेक्षा मेलेल्यांशीच जास्त संबंध, आणि तरुणपणीच मरणाऱ्या माणसांच्या डोळ्यांचे फोटो काढायचा की नेमकी मरणाची वेळ कशी ओळखायची ते कळावं. डॉक्टर डेथ हे नाव त्याला पुढे कायमचं चिकटलं. १९९० च्या जूनमध्ये अल्झायमर झालेल्या जॅनेट ॲडकिन्स या ५४ वर्षांच्या बाईला त्याने आपल्या जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये मरायला मदत केली, आणि तिथून देशभर गदारोळ. लायसन्स गेलं, केसेस झाल्या, तीनदा ज्युरीने सोडलं. त्याच्या म्हणण्यानुसार १३० च्या आसपास लोकांना त्याने मदत केली. शेवटी १९९८ मध्ये थॉमस यूक नावाच्या पेशंटला त्याने स्वतःच्या हाताने इंजेक्शन दिलं, त्याचं शूटिंग टीव्हीवर दाखवायला दिलं, वर सरकारला आव्हान की करा काय करायचं ते. १९९९ च्या खटल्यात वकील बाजूला सारून स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि १० ते २५ वर्षांची शिक्षा घेऊन बसला. आठ वर्षांनी, २००७ मध्ये सुटला.

आता माझं मत विचाराल तर माणूस हिंमतवान होता पण घाई फार. त्याच्याकडे गेलेल्या ६९ जणांची शवविच्छेदनं नंतर अभ्यासली गेली, तर खरोखर मरणाच्या टप्प्यावर असलेले जेमतेम पाव निघाले. बाकीचे? कोणी एकटं, कोणी घाबरलेलं, कोणी दुखण्याने त्रासलेलं. त्यांना ओळखणारा फॅमिली डॉक्टर, डॉक्टरांचा बोर्ड, दुसरं मत, काही नाही, एक माणूस आणि एक व्हॅन. आपल्याकडे कोर्टाने एवढे बोर्ड का ठेवलेत, हे मला केव्होर्कियन वाचल्यावर कळलं. नाहीतर मीही शिव्याच देत होतो.

आणि गंमत बघा, तो स्वतः २०११ मध्ये ८३ व्या वर्षी वारला ते दवाखान्यात, किडनी आणि न्यूमोनियासाठी दाखल असताना. ना इंजेक्शन, ना मशीन. त्याच्या वकिलाने सांगितलं की जगवायचे कुठलेही कृत्रिम उपाय केले नाहीत. म्हणजे आमची माय वांगी भाजताना जे मागत होती तेच.

भारतात कायदा असा आहे की इंजेक्शन देऊन मारणं हा गुन्हा, मरायला मदत करणं हाही गुन्हा, न्याय संहितेच्या कलम १०८ खाली १० वर्षांपर्यंत. पण बरा होण्याची आशा नसलेल्या पेशंटचं नुसतं मरण लांबवणारे उपचार थांबवता येतात. ही वाट अरुणा शानबाग यांच्यामुळे उघडली. मुंबईच्या केईएम मधल्या नर्स, १९७३ मध्ये हल्ला झाला, त्यानंतर ४२ वर्षं तशाच पडून. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाबतीत अर्ज फेटाळला, केईएमच्या नर्सेसनाही ते नको होतं, त्या त्यांना जीव लावून सांभाळत होत्या. पण त्याच निकालात तत्त्व मान्य झालं. मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानाने मरणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातलाच हक्क, आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. पण अटी इतक्या किचकट की मॅजिस्ट्रेटची सही पाहिजे होती, कोण करणार? २४ जानेवारी २०२३ ला त्या सोप्या केल्या. हे तारखेसकट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच वकिलांच्या डोक्यात अजून २०१८ चंच आहे.

आता कामाचं.

पहिले कागद लिहायचा. कोण लिहू शकतं तर १८ च्या वरचं, शुद्धीवर असलेलं, स्वतःच्या मर्जीने. मुलांनी परस्पर करून आणलेला कागद चालत नाही, म्हणून माय समोर बसली पाहिजे आणि ती बोलली पाहिजे. मराठीत लिहा, सोपं लिहा, पण मोघम लिहू नका. इथेच सगळे चुकतात. "मला जास्त त्रास देऊ नये" असं लिहिलं तर डॉक्टरने काय समजायचं, सलाईन हाही त्रासच आहे. कागद अस्पष्ट असला तर बोर्ड तो बाजूला ठेवतो. आम्ही साधारण असं लिहिलं:

"मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते की, मला बरा न होणारा आजार असेल किंवा मेंदूला अशी इजा झाली असेल की मी पुन्हा शुद्धीवर येऊन माणसं ओळखण्याची शक्यता डॉक्टरांच्या मते उरली नसेल, आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, हृदय बंद पडल्यास छाती दाबून किंवा शॉक देऊन चालू करू नये, डायलिसिस करू नये. दुखणं, दम लागणं, तहान यावरचे उपचार आणि स्वच्छता शेवटपर्यंत चालू ठेवावी. शक्य असल्यास मला घरी न्यावं. हा कागद मी केव्हाही रद्द करू शकते आणि त्याचे परिणाम मला समजले आहेत."

नाकातून अन्न द्यायच्या नळीवर आमचं दोन दिवस अडलं. माय म्हणे मशीन नको पण पोटात अन्न तर जाऊ द्या, उपाशी मेली म्हणतील लोक. तिला सांगितलं की विनोबा आठवतात का, इथे धुळ्याच्याच जेलमध्ये १९३२ साली गीता सांगितली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली, ते शेवटी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही सोडून गेले. ती म्हणे ते विनोबा, मी काय विनोबा शे का? बरोबर होतं तिचं. नळी ठेवली. तुमच्या घरचं वेगळं असेल, पण प्रत्येक गोष्ट अशी एकेक करून विचारा, नुसतं "सगळं बंद" लिहू नका.

दुसरं, नाव कोणाचं टाकायचं. तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा तुमच्या वतीने कोण संमती देणार, त्या माणसाचं नाव कागदात पाहिजे. एकापेक्षा जास्त चालतात. पण पाच भावंडांची पाच नावं टाकली तर परत तोच चपलांचा रॅक. एक किंवा दोन टाका, आणि जो रडेल पण पलटणार नाही असा निवडा. सगळ्यात लाडका पोरगा बहुतेक वेळा यासाठी सगळ्यात वाईट असतो. आमच्याकडे मीच होतो, त्यात माझं मोठेपण काही नाही, मी एकटाच गावात राहतो.

तिसरं, साक्षीदार दोन, शक्यतो घरचे नसलेले. आम्ही शेजारचे रिटायर्ड गुरुजी आणि कृषी सेवा केंद्राचे मालक नेले. माय आणि दोन्ही साक्षीदार एका वेळी नोटरीसमोर पाहिजेत, सही आधी करून न्यायची नाही. नोटरीऐवजी राजपत्रित अधिकारीही चालतो. आधार आणि फोटो सोबत. निकालात स्टॅम्प पेपरची अट मला कुठे दिसली नाही, पण नोटरी त्याशिवाय हात लावेना आणि १०० चा स्टॅम्प बंद झालेला, मग ५०० चा घेतला. वर नोटरी म्हणाले हे मृत्युपत्र आहे, प्रॉपर्टीची यादी कुठे? प्रॉपर्टीचा संबंध नाही हे समजवायला अर्धा तास. निकालाची प्रिंट सोबत न्या म्हणजे माझ्यासारखं होणार नाही. मग त्यांनी माय ला कागद मोठ्याने वाचून दाखवला, कोणी जबरदस्ती केली का विचारलं, तिने मान हलवली तर म्हणे तोंडाने सांगा. हे चांगलं केलं त्यांनी. माय तिसरी शिकलेली, सही करताना आधी लांब शिरोरेघ ओढते आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगते, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. चार पानांवर चार सह्या, वीस मिनिटं. मागे दोन खरेदीखतवाले ताटकळत होते, त्यांनी एकदा घड्याळ बघितलं आणि मग तेही सही बघत बसले.

चौथं, कागद द्यायचा कुठे. एक प्रत फॅमिली डॉक्टरला, एक नाव टाकलेल्या माणसाकडे, आणि एक महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीत. तिथे हा कागद सांभाळायला एक कस्टोडियन अधिकारी असतो. मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यासाठी हायकोर्टात गेले तेव्हा कुठे महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. नेमले म्हणजे त्यांना माहीत असतं असं नाही. आमच्याकडच्या आवक टेबलवाल्याने तहसीलला पाठवलं, तहसीलवाल्याने परत पाठवलं. शेवटी साधा अर्ज लिहिला, सोबत कागद जोडला, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. वाद घालू नका, शिक्का घ्या. मूळ कागद घरी, पण लॉकरमध्ये नाही, आयसीयूवाले रात्री दोनला विचारतात आणि बँक दहाला उघडते.

दवाखान्यात पुढे काय होतं ते थोडक्यात. उपचार करणारा डॉक्टर आणि कमीत कमी पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ, हा पहिला बोर्ड. मग दुसरा बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी नेमलेला आणि दोन तज्ज्ञ वेगळे. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग कागदात नाव असलेल्यांची संमती, आणि मॅजिस्ट्रेटला नुसतं कळवायचं, परवानगी नाही मागायची. बोर्डाने नकार दिला तर हायकोर्ट, आपल्या खान्देशाला संभाजीनगरचं खंडपीठ. कागद केलेलाच नसेल तरी हीच पद्धत, फक्त संमती जवळच्या नातेवाइकांची, आणि अण्णांच्या वेळी हे आम्हाला कोणीही सांगितलं नाही.

एक सांगायचं राहिलं. कर्ज, कपाशीचा भाव, घरातलं एकटेपण याने जगायचाच कंटाळा आला असेल तर हा कागद त्यासाठी नाही, त्याला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आधी तिथे फोन करा किंवा घरच्या कोणाला तरी उठवा. केव्होर्कियनकडे गेलेल्यांतल्या कितीजणांना कोणी असं विचारलं असेल काय माहीत.

आणि घरी सगळ्यांना सांगा, हे मी शेवटी ठेवलं कारण मीच विसरलो होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली, तिला कपाटात फाइल सापडली आणि जे रडणं सुरू झालं, की मला न विचारता आईच्या मरणाचे कागद करता, मी काय मेली का. माय ने तिला झोक्यावर जवळ बसवून सगळं परत सांगितलं, तासभर. मग तिचंही नाव टाकायचं ठरलं. नाव हाताने वाढवायचं नाही, नवीन कागद, नवीन सह्या, परत नोटरी, शेवटच्या तारखेचा कागद धरतात म्हणून जुन्या प्रती जिथे जिथे दिल्या तिथे जाऊन बदलायच्या. स्टॅम्पचे ५०० परत एकदा गेले, त्यावरून माय दोन दिवस बोलत होती.