पोरांच्या मॅचला आईबाप येणार, तर ही तयारी करून ठेवा

कोल्हापुरात फुटबॉल बघायला माणसं बोलवावी लागत नाहीत, ती येतातच, आणि शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या टीमच्या नावानं ओरडत मोठा झालेला बाप स्वतःच्या अकरा वर्षांच्या पोराच्या मॅचला पण त्याच आवाजात उभा राहतो. प्रेमच आहे ते, नाही म्हणत नाही. पण आत खेळणारं पोरगं असतं आणि शिट्टी वाजवणारा रेफ्री कधी कधी कॉलेजला जाणारा पोरगा असतो, दोघांनाही तो आवाज झेपत नाही. यंदा ज्यांच्या गळ्यात अंडर-११ किंवा अंडर-१३ च्या मॅचेस भरवायचं काम पडलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मॅच सुरू झाल्यावर बाहेरच्यांना आवरणं जवळपास अशक्य, त्यामुळं कोण कुठं बसणार, कुणाला काय माहिती असणार आणि गडबड झाली तर कोण बोलणार, हे सगळं आधी ठरवून ठेवायचं.

सुरुवात ग्राउंडपासून करा. फक्की मारायला पोरं येतील तेव्हाच त्यांना अजून एक लाइन मारायला सांगा, टचलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या लाइनच्या, मागं निदान तीन मीटर, जागा असेल तर पाच, आणि त्या लाइनवर बांबू रोवून दोरी बांधा. नुसती फक्की असली तर दहा मिनिटांत पुसली जाते आणि माणसं पाऊल पाऊल पुढं सरकत आत येतात, दोरी असली की तिला हात लावून का होईना मागं थांबतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं, म्हणजे एफएनं, २००८ ला रिस्पेक्ट नावाची मोहीम काढली, त्यात पण पालकांसाठी टचलाइनच्या मागं असाच आडोसा आहे, म्हणजे हे दुखणं काय आपल्या एकट्याचं नाही. पालक सगळे एका बाजूला, दोन्ही टीमचे बेंच आणि कोच समोरच्या बाजूला. गोलच्या मागं कुणालाच उभं करू नका, गोलकीपरच्या पाठीमागून "अरे पुढं ये, अरे सोडलास की" चालू झालं की त्या पोराचं काही खरं नाही. गाड्या पण गोलमागं लावू देऊ नका, कारण गाडी लावली की माणूस तिच्यावरच बसून मॅच बघतो.

बसायची सोय करा, ही गोष्ट बरेच जण विसरतात. उभा माणूस जास्त ओरडतो, बसलेला कमी, हे कुठल्याही मैदानावर जाऊन बघा. सतरंज्या, मंडपवाल्याच्या पाचपन्नास खुर्च्या, वर एखादा कापडी मांडव, कारण आपल्याकडं सीझन उन्हाळ्यात घुसतो आणि साडेनऊनंतर डोकी आपोआप तापतात. चहाची गाडी मात्र दोरीपासून लांब लावा.

आता निरोप. आदल्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज जायला पाहिजे, आणि तो आयोजकाकडून न जाता त्या त्या टीमच्या कोचकडून जाऊ दे, कारण आयोजकाचा मेसेज पालक वाचत नाहीत पण पोराला खेळवायचं की नाही हे ज्याच्या हातात आहे त्याचा वाचतात. लांबलचक नियमावली नको. साधं असं काहीतरी: उद्या ७ वाजता मैदानावर, पाणी आणि शिनगार्ड विसरू नका, सगळ्यांनी दोरीच्या मागं बसायचं, टाळ्या वाजवा, पोराचं नाव घेऊन ओरडा, पण कुठं पळायचं आणि कुणाला पास द्यायचा ते कोच सांगतील, रेफ्रीला कुणी काही बोलायचं नाही, काय असेल ते मॅनेजरला सांगा. बास. सोबत एक व्हॉइस नोट टाका कारण निम्मे लोक वाचतच नाहीत. आणि आजोबा ग्रुपमध्ये नसतात आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो, त्यामुळं घरातल्यांना त्यांना सांगायला सांगा.

त्याच मेसेजच्या खाली खेळाचे दोन-तीन नियम घाला, कारण बाहेरची निम्मी भांडणं नियम माहिती नसल्यानं होतात असं माझं मत आहे. लहान गटात पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या मॅचला बहुतेक ठिकाणी ऑफसाइड (पास सुटताना समोरच्या टीमच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढं थांबायचं नाही, हा नियम) लावतच नाहीत, तुम्ही लावणार का नाही ते आधी लिहा. लावणार असाल तर हे पण लिहा की थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरनं थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, थ्रोवर बॉल मिळाला की अख्खी बाजू "ऑफसाइडऽऽ" म्हणून उठते आणि ज्याच्या पायात बॉल आहे तो पोरगा बिचारा थांबतो. हाताला बॉल लागला की प्रत्येक वेळी हँडबॉल होत नाही, हेही एका ओळीत. आणि शिट्ट्या घरी ठेवून या म्हणावं. प्रेक्षकातनं कुणी शिट्टी वाजवली आणि पोरं रेफ्रीची समजून थांबली तर नियमाप्रमाणं रेफ्रीला खेळ थांबवून ड्रॉप बॉलनं, म्हणजे स्वतः बॉल खाली टाकून, परत सुरू करावा लागतो, म्हणजे गोलला चाललेला पोरगा तुमच्या हौसेपायी गेला. हलगीचं विचाराल तर मी पूर्ण बंदीच्या बाजूचा नाही, हाफटाइमला आणि मॅच संपल्यावर पाहिजे तेवढी वाजवा, खेळ चालू असताना नको, कोचचा आवाजच पोचत नाही.

बोलणारा माणूस एकच ठरवा. ही निवड सगळ्यात महत्त्वाची. तगडा पोरगा उभा करू नका, त्याला बघून समोरचा अजून पेटतो. पेठेतला एखादा जुना खेळाडू, नाहीतर शाळेतल्या पीटीच्या मॅडम, ज्यांना बघून माणूस आपोआप आवाज खाली करतो असं कुणीतरी, आणि त्यांच्या अंगात वेगळ्या रंगाचं बिब, ते बिनबाह्यांचं जाकीट, म्हणजे कोच आणि रेफ्रीला लांबनं दिसतील. त्यांना सांगून ठेवा की लांबनं हातवारे करायचे नाहीत, शेजारी जाऊन बसायचं. "काका, जरा मागं या की, पोरगं तुमच्याकडंच बघतंय," एवढं हळू म्हटलं की बहुतेक माणसं ओशाळतात. आणि ते खोटं पण नसतं. पालकांच्या बाजूच्या विंगला, म्हणजे कडेला, जो पोरगा खेळतो त्याच्याकडं पाच मिनिटं नीट बघा, बॉल पायात आला की आधी मान दोरीकडं जाते, मग बॉलकडं, कोच समोरनं "धर, धर" म्हणतोय, बाप मागनं "मार, मार" म्हणतोय, आणि तेवढ्यात समोरचा बॅक बॉल घेऊन गेलेला असतो. कोचना सांगा की असं दिसलं तर त्या पोराला हाफटाइमची वाट न बघता दुसऱ्या विंगला टाका.

रेफ्रीबरोबर मॅचच्या आधी दहा मिनिटं बसा. त्याच्या हातात काय आहे आणि काय नाही ते दोन्ही कोचसमोर स्पष्ट होऊ दे. २०१९ पासून रेफ्री बेंचवरच्या कोच-मॅनेजरला पण पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतो, आणि बेंचवरनं कोण बोललं ते कळलं नाही तर तिथल्या मुख्य कोचच्या नावावर कार्ड जातं, हे ऐकल्यावर कोच स्वतःच आपला बेंच गप्प करतात. पालकांना कार्ड दाखवता येत नाही, पण बाहेरच्या गोंधळामुळं मॅच थांबवायचा, वेळ पडली तर रद्द करायचा अधिकार रेफ्रीला आहे. त्यामुळं पायऱ्या ठरवून कागदावर लिहा: आधी बिबवाला माणूस जाऊन बोलणार, ऐकलं नाही तर खेळ दोन मिनिटं थांबणार आणि त्या पोराच्या टीमचा कोच जाऊन बोलणार, तरी नाही तर माणूस मैदानाबाहेर, तो हलत नसेल तर मॅच बंद. काही जण म्हणतात टीमचे पॉइंट कापा. मला ते पटत नाही, बापानं केलं आणि भोगायचं पोरांनी? पुढच्या दोन मॅचला बापाला बंदी घाला, पोराला खेळू द्या. मात्र रेफ्रीच्या अंगावर कुणी हात टाकला तर तिथं चर्चा नाही, मॅच तिथंच बंद आणि थेट पोलीस.

वयाचं भांडण हे आपल्याकडचं खास. "तो अंडर-१३ आहे व्हय? मिशी बघा की त्याची!" हे भर मैदानात बारा वर्षांच्या पोराला ऐकायला लागतं, आणि काही पोरं लवकर वाढतात एवढं साधं कुणी लक्षात घेत नाही. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड अशी फाइल आधीच तपासून टेबलवर ठेवा आणि नियम करा की तक्रार फक्त मॅनेजरनं, लेखी, मॅचच्या आधी किंवा नंतर. चालू मॅचमध्ये पोराकडं बोट दाखवलं की बिबवाला माणूस उठला पाहिजे. रीलचं पण तसंच, आपल्या पोराचा व्हिडिओ काढा, दुसऱ्याचं पोरगं चुकलं म्हणून हसायची इमोजी टाकून ग्रुपवर फिरवायचं नाही.

अगदी लहान, आठ-नऊ वर्षांचा गट असेल तर एकदा जर्मन पद्धत करून बघा. आखन शहराच्या भागात राल्फ क्लोर नावाच्या माणसानं ही सुरू केली, फेअर प्ले लीग म्हणतात तिला. रेफ्री नाही, फाऊल पोरंच ठरवतात, दोन्ही कोच एकाच ठिकाणी शेजारी शेजारी उभे, आणि पालक पंधरा मीटर लांब. आपल्याकडं पंधरा मीटरवर पालक थांबतील का, हा प्रश्न मला पण पडतो, पण निदान दोन्ही कोच शेजारी उभे करणं तर फुकट आहे, एकमेकांच्या कानाशी उभं राहून कोण शिव्या देणार.

अनिकेत जाधव इथलाच, २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, तेव्हापासनं प्रत्येक घरात एक अनिकेत आहे असं प्रत्येक बापाला वाटतं, वाटू दे. फक्त मॅच संपल्यावर गाडीवर बसवून घरापर्यंत "तो गोल कसा सोडलास" चालू ठेवू नका, एवढं कोचनं शेवटी सांगावं. हात मिळवणं झाल्याशिवाय दोरी सोडू नका, नाहीतर सगळे आत घुसतात आणि रेफ्रीला घेरतात, त्याला आधी टेबलापर्यंत सोबत करा आणि त्याचं मानधन तिथंच द्या, उद्या-परवा नको.

एक वही ठेवा. कुणाला समज दिली, कशाबद्दल, कोण बोललं, तारखेसकट, दोन ओळीत. ती वही पुढच्या रविवारी ज्याच्याकडं ग्राउंड आहे त्याच्याकडं गुरुवारपर्यंत पोचवा, म्हणजे ज्या दोन-तीन घरी फोन करायचा तो निवांत करता येईल, मॅचच्या सकाळी गेटवर अडवायची वेळ येणार नाही.