भिंगरी फुंकताना मूल थबकते तेव्हा

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात सहा-सात वर्षांच्या मुलाचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढताना त्याच्या हाती कागदी भिंगरी देतात आणि ती 3 मिनिटे सलग फुंकायला सांगतात. मध्येच भिंगरी मंदावते, मूल शून्यात पाहू लागते, हाकेला ओ देत नाही. शेजारी बसलेल्या आईच्या पोटात गोळा येतो. ही मिरगीची ॲब्सेन्स फिट, म्हणजे काही सेकंद भान हरपण्याचा झटका, असू शकते आणि निरोगी मुलाचे क्षणभर हरपलेले भानही असू शकते.

जोराने श्वास घेत-सोडत राहिल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि निरोगी मुलांच्या आलेखातही उंच, संथ लहरी उमटतात. उपाशीपोटी त्या अधिक ठळक होतात, म्हणून डॉक्टरांनी उपाशी आणायला सांगितले नसेल तर मुलाला खाऊ घालूनच न्यावे. या लहरींच्या वेळी काही मुलांचे भान खरोखरच सुटते. त्याला औषध लागत नाही.

तंत्रज्ञ अशा वेळी 'संत्रा' असा एखादा शब्द उच्चारतात आणि मूल भानावर आल्यावर तो विचारतात. मात्र शब्द आठवला नाही म्हणजे फिटच होती, असे धरू नये, कारण तो दोन्ही प्रकारांत विसरला जाऊ शकतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिडिओ-ईईजीवर या दोन्ही प्रकारांची तुलना झाली, तेव्हा टक लावणे, हातातले काम थांबणे आणि ओठांची चाळवाचाळव दोन्हींकडे जवळपास सारखीच दिसली. डोळे उघडणे आणि पापण्या फडफडणे ॲब्सेन्समध्ये जास्त आढळले, तर चुळबुळ, हसू आणि जांभई निरुपद्रवी प्रकारात जास्त. तरीही निकाल चेहऱ्यावरून लावता येत नाही, तो आलेखच देतो: ॲब्सेन्समध्ये सेकंदाला सुमारे 3 या वेगाने टोकदार आणि संथ लहरींच्या जोड्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदम सुरू होतात आणि तशाच एकदम थांबतात; निरुपद्रवी प्रकारात संथ लहरी असतात, पण ती टोके नसतात.

घरी पाहायचे ते भिंगरीविना. वरणभाताचा घास तोंडाशी नेताना हात अधांतरी थांबतो, बोलता बोलता वाक्य तुटते, खांद्याला हात लावला तरी मूल परतत नाही आणि साधारण 4 ते 20 सेकंदांनी काहीच न घडल्यासारखे पुढचा घास घेते. असे दिवसातून अनेकदा होत असेल तर ॲब्सेन्सची शंका घ्यावी. पंख्याकडे पाहत रमलेले मूल स्पर्शाने बहुधा भानावर येते. अशा प्रसंगाचे मोबाईलवर चित्रीकरण करावे आणि वेळ व त्या क्षणी चाललेले काम वहीत लिहावे. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा त्याचा अधिक उपयोग होतो.

मुलाला घरी जोरजोरात श्वास घ्यायला लावून परीक्षा मात्र पाहू नये. आपल्या विदर्भात ही सूचना अधिकच जपून पाळावी लागते, कारण इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्या आजारात अशा श्वसनाने मेंदूचा रक्तपुरवठा घटून पक्षाघाताचा धोका संभवतो. मुलाला सिकलसेल असेल, किंवा घरात कुणाला असून मुलाची तपासणी राहिली असेल, तर ते ईईजीच्या आधीच सांगावे, मग तपासणी सरकारी मेडिकल रुग्णालयात असो वा खासगीत. गंभीर दमा किंवा हृदयविकार असल्यास तेही सांगावे.

चुकीचे निदान दोन्ही बाजूंनी महाग पडते. निरोगी मुलाला विनाकारण वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात; उलट खरी ॲब्सेन्स असताना कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन ही मिरगीची औषधे दिल्यास फिट वाढू शकतात, कारण तिथे इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागते. म्हणून मूल थबकले त्या नेमक्या क्षणी आलेखात काय उमटले, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर गोळी सुरू करण्यापूर्वी बालमेंदूविकारतज्ज्ञांना तो मूळ आलेख दाखवावा.