चकवा लागला तर: खानदेशात वाट कशी शोधावी

रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला गेलेला माणूस घरच्याच केळीच्या बागेत तासभर भटकतो आणि फिरून त्याच डीपीपाशी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी येतो. याला आपल्याकडे चकवा लागला म्हणतात. मलाही लागलाय, रावेरकडे, मामाच्या मळ्यात. भूतबाधा नाही ती. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारात चालायला लावलं, तेव्हा सूर्य-चंद्र झाकले गेले की सरळ चालतोय असं वाटणारा माणूस गोल फिरतो, असं दिसलं. केळीखाली तर आभाळच नसतं.

म्हणून आधी थांबा. बसा, पाणी प्या, शेवटची ओळखीची खूण आठवा.

बागेत असाल तर ठिबकची नळी धरून चाला. टोकाला ती बंद केलेली दिसली, की उलट फिरा. दुसऱ्या टोकाला सगळ्या नळ्या एका ओळीत जमिनीतून वर आलेल्या दिसतील, ती सबमेन, म्हणजे या नळ्यांना पाणी देणारा जमिनीखालचा मोठा पाइप. ओळ धरून गेलं की व्हॉल्व्ह सापडतो, आणि व्हॉल्व्हपाशी रोजची पायवाट असतेच. मला हे मामाने दुसऱ्या दिवशी सांगितलं, हसून हसून.

मोकळ्या रानात खानदेश सोपा आहे. उत्तरेला सातपुडा, मधून तापी पश्चिमेला सुरतेकडे. रावेर-यावल-चोपड्याचे नाले डोंगरातून दक्षिणेला उतरतात. गिरणा, बोरी दक्षिणेकडून येऊन तापीला मिळतात. निघतानाच आपण तापीच्या कुठल्या काठाला आहोत हे ध्यानात ठेवा. नाला कोरडा असला तरी झुडपांना अडकलेला पाचोळा बघा: ज्या बाजूने अडकलाय, तिकडून पाणी आलेलं. नंदुरबारमधल्या धडगावकडे मात्र हा हिशोब चालत नाही, तिथलं पाणी नर्मदेला जातं. आणि पावसाळ्यात पात्रातून चालायचंच नाही; वर डोंगरात पडलेला पाऊस खाली कळत नाही.

दिवसा काठी रोवा, सावलीच्या टोकाला खडा ठेवा, वीस मिनिटांनी दुसरा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळीच करा. रात्री सप्तर्षीतल्या पुलह-क्रतूची, म्हणजे चौकोनाच्या शेपटीपासून लांबच्या बाजूच्या दोन ताऱ्यांची रेघ, पुलहाकडून क्रतूकडे पाचपट पुढे न्या, ध्रुव सापडेल. आपल्याकडे तो क्षितिजापासून साधारण 21 अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढा वर.

नकाशा घरीच डाउनलोड करून ठेवा, डोंगरात रेंज जाते. रेंज असेल आणि जिवावर बेतत असेल तर 112.

माणूस भेटला तर "हा रस्ता पाल गावाला जातो ना?" असं विचारू नका. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून भला माणूस हो म्हणून टाकतो. "भाऊ, ही वाट कुठे जाते?" एवढंच विचारा.